सिएनाचं कूलंट घरी बदललं: नरसाळ्याला पैकीच्या पैकी, मला साडेसहा

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका होईल. टोयोटाचं गुलाबी कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव): घ्या, पण डबा टोयोटाचाच हवा असं काही नाही. लाइल कंपनीचं पिवळं, न सांडणारं नरसाळं: डोळे मिटून घ्या. रिफ्रॅक्टोमीटर (कूलंटचा गोठणबिंदू दाखवणारं यंत्र): मला त्याचा लळा लागला, तुम्हाला लागेलच असं नाही. आणि हे काम घरी करावं का? करा की. फक्त मी पहिल्या दिवशी केलं तसं करू नका.

आता सविस्तर.

गाडी २०१२ ची टोयोटा सिएना, ३.५ लिटरचं व्ही-६ इंजिन, १ लाख ४१ हजार मैल. पहिल्या दिवसापासून आमच्याकडेच आहे. हिच्यातून मखर गेलंय, भारतातून आलेल्या पाहुण्यांच्या तेवीस तेवीस किलोच्या बॅगा आल्यात, आणि एकदा एका बारशाची अख्खी पंगत गेलीय, पातेल्यांसकट. कूलंट याआधी ९६ हजार मैलांवर एकदा बदललं होतं. टोयोटाचा नियम असा की पहिल्यांदा १ लाख मैल किंवा १० वर्षं, आणि तिथून पुढे दर ५० हजार मैल किंवा ५ वर्षं, जे आधी होईल ते. माझे मैल भरायचे होते, वर्षं मात्र कधीच भरून गेली होती.

हे मला कळलं ते तेल बदलायला गाडी नेली तेव्हा. काउंटरवरच्या मुलानं एक कागद पुढे सरकवला: कूलंट फ्लश, २३९ डॉलर, कर वेगळा. मी विचारलं, कोणतं कूलंट घालणार? तो म्हणाला, युनिव्हर्सल, सगळ्या गाड्यांना चालतं. सगळ्यांना चालणारं म्हटलं की मला लग्नातली पनीरची भाजी आठवते. शिवाय मी पेशानं सॉफ्टवेअर टेस्टर. ‘सगळीकडे चालतं’ हे वाक्य खोटं ठरवण्याचाच मला पगार मिळतो. कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली आणि घरी आले.

एक गंमत सांगते. न्यू जर्सीत तुम्हाला स्वतःच्या गाडीत स्वतः पेट्रोल भरता येत नाही. १९४९ पासूनचा कायदा आहे. पंपावर काच खाली करून बसून राहायचं, माणूस येऊन भरून देतो. त्याच राज्यात गाडीखाली उताणं पडून रेडिएटर रिकामा करायला मात्र कोणाची हरकत नाही. इतकी वर्षं इथं राहून हा न्याय मला उमजलेला नाही, पण माझ्या पथ्यावर पडला.

कूलंटबद्दल थोडं बोलते, कारण दुकानात गेल्यावर तिथल्या फळीपुढे माणूस गांगरतो. गुलाबी, हिरवं, पिवळं, निळं, केशरी, जांभळं. रंगावर काहीही ठरवू नका. रंग हा प्रत्येक कंपनीनं आपल्या मर्जीनं घातलेला असतो, त्याला कसलं प्रमाण नाही. आतलं मुख्य द्रव्य बहुतेक सगळ्यांत एकच: एथिलीन ग्लायकॉल आणि पाणी. फरक असतो तो गंज रोखणाऱ्या रसायनांचा. टोयोटाच्या गुलाबी कूलंटमध्ये सिलिकेट नाही, नायट्रेट नाही, बोरेट नाही... थांबा, चुकले, नायट्राइट नाही. हे असं होतं म्हणून मॅन्युअलच्या त्या पानाचा फोटो काढून दुकानात न्यावा. या कूलंटमध्ये असतात ती सेंद्रिय आम्लं आणि फॉस्फेट. ‘एशियन व्हेइकल्स’ असं लिहिलेले, याच जातीचे इतर कंपन्यांचे डबेही ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतात आणि ते चालतात. मी टोयोटाचं घेतलं ते केवळ डीलरचं पार्ट्सचं काउंटर माझ्या ऑफिसच्या वाटेवर आहे म्हणून. २७ डॉलरला एक गॅलन.

डब्यावर एकच गोष्ट दोनदा वाचा: हे आधीच पाणी मिसळलेलं आहे की कॉन्सन्ट्रेट आहे. टोयोटाचं गुलाबी ५०-५० मिसळूनच येतं, त्यात पाणी घालायचं नाही. आणि कॉन्सन्ट्रेट नुसतंच ओतलं तर जास्त चांगलं, असं वाटत असेल तर तेही काढून टाका. निव्वळ ग्लायकॉल उणे १३ अंश सेल्सिअसच्या आसपासच गोठतं. अर्धं पाणी घातलं की तेच उणे ३५ च्याही खाली जातं. न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनला जानेवारीत एखाद्या रात्री उणे १५ होतं, म्हणजे निव्वळ ग्लायकॉलवाला तिथंच अडकला. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं. दोन्ही एकेकटे लवकर गोठणारे, एकत्र आले की टिकणारे. (नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, यात टोमणा आहे का?)

यावरूनच रिफ्रॅक्टोमीटर. १९ डॉलरची ही छोटी दुर्बीण. काचेवर एक थेंब टाकायचा, झाकण दाबायचं, उजेडाकडे बघायचं. निळ्या-पांढऱ्याची सीमारेषा ज्या आकड्यावर दिसेल तो तुमचा गोठणबिंदू. आधी डिस्टिल्ड वॉटरच्या थेंबावर रेषा जुळवून घ्यायला विसरू नका, आणि आत दोन पट्ट्या असतात, त्यातली एथिलीनची वाचा, प्रॉपिलीनची नको. मला हे यंत्र हातात घेतल्या घेतल्या ओळखीचं वाटलं, कारण माझे वडील वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये होते. ऊस तोडणीला आला का बघायला ते असलीच एक नळी घेऊन शेतावर जात. कांड्याला भोसकून रसाचा थेंब काढायचा आणि ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, वाचायचा. मी सोबत असले की मला वाचायला लावत. ‘किती?’ ‘एकोणीस.’ ‘नीट बघ.’ ‘साडेएकोणीस.’ आता ड्राइव्हवेवर उभी राहून रेडिएटरमधला थेंब वाचताना तोंडात आपोआप ब्रिक्सच आला.

जुन्या कूलंटचा आकडा आला उणे ३४ फॅरनहाइट, सेल्सिअसमध्ये साधारण उणे ३७. म्हणजे उत्तम! नव्याइतकाच. रंगही बऱ्यापैकी गुलाबी. मग बदलायचं कशाला? इथंच बरेच जण फसतात. ग्लायकॉल म्हातारं होत नाही, त्याच्यातली गंजरोधक रसायनं खर्च होतात. रिफ्रॅक्टोमीटरला ती दिसत नाहीत. उसाचा ब्रिक्स चांगला असला म्हणून रस आंबलेला नाही असं कुठं आहे? इंजिनाचा ब्लॉक अॅल्युमिनियमचा, त्याच्यावर बसणारं हेड अॅल्युमिनियमचं, रेडिएटरही अॅल्युमिनियमचा. संरक्षण संपलं की आतून खायला सुरुवात होते आणि बाहेर काही कळत नाही. म्हणून वर्षं मोजायची. हे यंत्र ५०-५० जुळलंय का एवढंच सांगतं. तेवढ्यासाठी १९ डॉलर घालायचे का हे तुमच्यावर. मी वडिलांसाठी घातले असं समजा.

एकूण खर्च: कूलंट तीन गॅलन ८१, नरसाळं २७, रिफ्रॅक्टोमीटर १९, पसरट डबा १२, मत्स्यालयाच्या दुकानातली पारदर्शक नळी ३. झाले १४२. रॅम्प घरात होते. पुढच्या वेळी फक्त ८१ लागतील, अशी मी नवऱ्याची समजूत घातली.

पहिला फेरा नवरात्र बसलं त्या आठवड्यातल्या शनिवारी. गाडी रात्रीच रॅम्पवर चढवून ठेवली होती, म्हणजे सकाळी इंजिन पूर्ण थंड. हे टाळू नका. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडणं म्हणजे कुकरची शिट्टी न काढता झाकण ओढणं, त्याहून वाईट. मागच्या चाकांना लाकडी ठोकळे, हँडब्रेक. सासूबाई शाल पांघरून, चहाचा कप घेऊन, गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. त्यांच्या हजेरीबद्दल वेगळा रिव्ह्यू लिहिता येईल.

खालचं प्लास्टिकचं आवरण काढलं. रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यात एक प्लास्टिकचा छोटा नळ असतो, त्याच्या तोटीला नळी लावायची आणि नळ हातानं फिरवायचा. पक्कड लावू नका, प्लास्टिक आहे, तुटला तर शनिवार गेला आणि रविवारही. वरचं झाकण बंद असताना आधी थेंब थेंब येतं. मी खाली पडून म्हटलं, आई, चोंदलंय वाटतं. त्या म्हणाल्या, ‘अगं, वरचं झाकण काढलंस का? तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येतं का कधी?’ उठले, झाकण काढलं, आणि खाली धो धो. इतकं की नळी सुटली. पाव लिटर ड्राइव्हवेवर, थोडं माझ्या बाहीवर.

त्या सांडलेल्याकडे सासूबाई बघत होत्या. ‘हे तर गुलाबाचं सरबत दिसतंय गं.’ दिसतं तसंच, आणि मेलं गोडही असतं म्हणतात. हीच तर भीती. एथिलीन ग्लायकॉल हे विष आहे, मूत्रपिंडं निकामी करतं. कुत्री-मांजरं गोडीनं चाटतात आणि जिवाला मुकतात, लहान मुलांचंही तेच. शेजारच्या गुजराती काकांचा कुत्रा रोज आमच्या लॉनवर येतो. मी लगेच मांजराच्या मातीचं पोतं आणलं (आमच्याकडे मांजर नाही, तेल सांडलं तर हवी म्हणून ठेवलेली), सगळं टिपून घेतलं, पिशवीत भरून बांधलं. पाइप लावून धुवायचा मोह आवरा. रस्त्याकडेच्या जाळीतून गेलेलं पाणी आमच्याकडे शेवटी रॅरिटन नदीत जातं.

सासूबाईंनी त्याच क्षणी फतवा काढला: स्वयंपाकघरातली एकही वस्तू या कामाला लागणार नाही. जाडा चमचा नाही, मापाचा जग नाही, दुधाचे रिकामे कॅन तर मुळीच नाहीत. मी दुधाचे दोन कॅन आधीच तयार ठेवले होते, ते निमूट परत ठेवले. खरं तर त्यांचंच बरोबर होतं. मग जुनं कूलंट नव्याच्याच रिकाम्या होणाऱ्या डब्यांत भरायचं ठरलं. त्यालाही त्यांची हरकत निघाली: गुलाबी डबा, आत गुलाबी पाणी, उद्या तुझा नवरा तेच परत ओतेल. हा मुद्दा मी टेस्टर असून मला सुचला नव्हता. त्यांनी आत जाऊन देवनागरीत, काळ्या मार्करनं, मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या लिहून आणल्या: ‘जुनं. विष.’

निघालं किती? डब्यावर खुणा केल्या होत्या, जादा कूलंट साठवणाऱ्या वरच्या छोट्या टाकीतलं धरून ५.१ लिटर. हा आकडा लक्षात ठेवा.

आता नरसाळं. तुम्ही म्हणाल, नरसाळ्यात काय एवढं? नेहमीचं नरसाळं लावून मी मागे एका छोट्या गाडीत कूलंट भरलेलं आहे. ओतायचं, वर येतं, थांबायचं, बुडबुडा येतो, खाली जातं, पुन्हा ओतायचं, इंजिन चालू केलं की उचंबळून बंपरवर. लाइलच्या या सेटमध्ये वेगवेगळ्या मापाची झाकणं असतात. आपल्या रेडिएटरच्या तोंडावर बसेल ते झाकण घट्ट बसवायचं आणि त्याच्यात नरसाळं खोचायचं. झालं, रेडिएटरच्या वर एक पिवळा हौद तयार. हा हौद सगळ्या यंत्रणेतली सर्वांत उंच जागा होतो. त्यात चार बोटं कूलंट ठेवून इंजिन चालू केलं की आतली हवा वर येऊन फुटते आणि तिची जागा कूलंट घेतं. ना सांडतं, ना तुम्हाला ओतत बसावं लागतं. काम संपलं की लांब दांड्याचा बूच वरून खोचायचा, नरसाळं उरलेल्या कूलंटसकट उचलायचं, परत डब्यात ओतायचं. एक थेंब पडत नाही. आमच्या पूर्वीच्या पिठाच्या गिरणीवाल्याच्या डोक्याएवढं साधं आणि तितकंच हुशार. फक्त झाकण निवडताना घाई नको. मी आधी एक मापानं सैल लावलं होतं आणि ते कडेनं पाझरत होतं. चूक माझी, सेटमध्ये बरोबरचं होतं.

तर मग साडेसहा गुण का? कारण नरसाळं हवा काढायची सोय देतं, धीर देत नाही.

भरलं. वरचा जाड रबरी पाइप हातानं दाबत गेले, गुळुक गुळुक करत बरंच आत गेलं. इंजिन चालू केलं. पुढचा हीटर पूर्ण गरमवर. दहा-बारा मिनिटं बुडबुडे आले, मग थांबले. वरचा पाइप गरम लागला. मला वाटलं, झालं. आतून सासूबाईंची साबुदाण्याच्या खिचडीसाठी हाक आली होती, हेही प्रामाणिकपणे लिहायला हवं. बंद केलं, थंड होऊ दिलं, झाकण लावलं, छोटी टाकी खुणेपर्यंत भरली. हिशेब केला: आत गेलेलं ४.२ लिटर. बाहेर आलेलं ५.१.

९०० मिलिलिटर कुठं गेले? दुसऱ्या कोणाच्या कामात हा फरक दिसला असता तर मी तीन ई-मेल लिहिल्या असत्या. स्वतःच्या कामात मी म्हटलं, सांडलं असेल, नळीत राहिलं असेल. आणि खिचडी खाल्ली.

रविवारी सकाळी सात अंश होतं. ओक ट्री रोडला पूजेचं सामान आणायला निघालो. पहिल्याच सिग्नलला डॅशबोर्डमागून आवाज यायला लागला, विहिरीत घागर बुडवताना येतो तसा, बुड-बुड-बुडूक. आणि तिसऱ्या रांगेतून लेकाचा आवाज: ‘आई, मागे फ्रीज लावलायस का?’ पुढे गरम हवा, मागे गार. तापमानाचा काटा मध्यावर होता, म्हणून घाबरले नाही, पण ओक ट्री रोडही गाठला नाही. पुढच्या गल्लीतून वळून घरी.

सिएनासारख्या गाडीचं हेच वेगळेपण आहे, आणि छोट्या गाड्यांवर हात बसलेल्यांची इथंच दांडी उडते. मागच्या प्रवाशांसाठी मागे वेगळा हीटर असतो. त्याच्यासाठी कूलंटचे पाइप गाडीच्या पोटाखालून पार मागे जातात आणि परत येतात. तेवढ्या लांब वाटेत हवा अडकून बसली की ती आपणहून पुढे यायला मागत नाही. मी पुढचा हीटर लावला होता, मागचा बंदच होता. शिवाय खालचा पाइप गार असतानाच इंजिन बंद केलं होतं. थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची वाट अडवणारी झडप, साधारण ८० अंशांच्या वर गेल्यावर उघडतो. तोवर रेडिएटरमधलं कूलंट नीट फिरतच नाही. वरचा पाइप गरम झाला याला अर्थ नाही. खालचा गरम व्हायला हवा आणि रेडिएटरचा पंखा एकदा तरी सुरू होऊन बंद व्हायला हवा. हवा राहिली तर मागची सीट गार पडते एवढंच नाही. ती फिरत जाऊन हेडमध्ये बसली तर तिथं कूलंट पोचत नाही, जागा तापते, आणि अॅल्युमिनियमचं हेड वाकलं की २३९ डॉलरला माणूस गोड म्हणायला लागतो.

दुपारी चारपर्यंत इंजिन थंड होऊ दिलं. गाडी पुन्हा रॅम्पवर, तोंड वर. नरसाळं बसवलं, अर्धं भरलं. पुढचा हीटर पूर्ण, मागचा पूर्ण, पंखे मंद. लेकाला तिसऱ्या रांगेत बातमीदार म्हणून बसवला.

‘गार.’

‘बरं.’

‘गार.’

‘सारखं सांगू नकोस, बदल झाला की सांग.’

‘गार आहे हे सांगायला तूच बसवलंयस ना?’

पंधरा मिनिटं काही नाही, फक्त बारीक बुडबुडे, उकळायच्या आधीच्या पाण्यासारखे. इंजिन मधूनमधून अडीच हजार फेऱ्यांपर्यंत नेऊन काही सेकंद धरून ठेवत होते. विसाव्या मिनिटाला पंखा सुरू झाला. खालचा पाइप गरम. आणि मग बाविसाव्या मिनिटाला नरसाळ्यातून एक ढेकर आला. दुसरा शब्द नाही. लिंबाएवढा बुडबुडा, त्याच्यामागे आणखी तीन, आणि पिवळ्या हौदातली पातळी डोळ्यांदेखत खाली. मी ओतत गेले. मागून आवाज आला, ‘कोमट!’ मग मिनिटभरानं, ‘आई, गरम!’ सासूबाईंनी खुर्चीतूनच हात जोडले.

८०० मिलिलिटर आत गेलं. ४.२ अधिक ०.८, पाच. हिशेब जवळपास जुळला. तुम्हाला या अख्ख्या लेखातून एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला: निघालेलं मोजा, गेलेलं मोजा, आणि फरक राहिला तर खिचडी खायला जाऊ नका.

पुढचे चार दिवस रोज सकाळी गाडी थंड असताना छोट्या टाकीची पातळी बघितली. दुसऱ्या दिवशी बोटभर उतरली, भरली, मग हलली नाही. थोडी उतरणं साहजिक आहे. रोज उतरत राहिली तर मात्र गळती शोधा. वॉटर पंपाच्या आजूबाजूला गुलाबी पापुद्रे दिसतात का बघा. आणि आमच्यासारख्या, हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या मुलखात असाल तर मागे जाणारे पाइपही बॅटरी मारून बघून घ्या. माझे गंजकट आहेत पण कोरडे आहेत.

नुसता रेडिएटर रिकामा केला की सगळं कूलंट निघत नाही. निम्म्याहून जास्त इंजिनात आणि हीटरच्या पाइपांत राहतं. इंजिनाच्या ब्लॉकलाही स्वतःचे नळ असतात, पण मागच्या बाजूचा कुठं आहे हे बघायला गेले तेव्हा कोपर अडकलं, सोडून दिला. डिस्टिल्ड वॉटर घालून धुऊन काढायचा सल्ला खूप जण देतात. मला तो पटला नाही: धुतलेलं पाणी पुन्हा त्या ब्लॉकमध्येच राहणार, त्यावर आधीच पाणी मिसळलेलं कूलंट ओतलं की सगळंच पातळ. त्यापेक्षा आठवडाभर गाडी चालवायची आणि पुन्हा एकदा रेडिएटर रिकामा करून नवं भरायचं. म्हणून तीन गॅलन.

दुसरा फेरा दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, रजा टाकून. इथं सासूबाई आडव्या आल्या. खंडेनवमीला हत्यारं पुजायची असतात, वापरायची नसतात. वाटाघाटी झाल्या. ठरलं असं की सकाळी दहाच्या आत काम उरकून सगळी हत्यारं धुऊन त्यांच्या ताब्यात द्यायची. मी साडेसहाला ड्राइव्हवेवर होते. नळी या वेळी पट्टीनं आवळली, एक थेंब सांडला नाही. निघालं ४.९ लिटर, गेलं ४.९ लिटर. मागचा हीटर सुरुवातीपासून चालू, पंखा दोनदा फिरू दिला, ढेकर पंधराव्या मिनिटालाच. नऊ चाळीसला पाने, स्क्रू ड्रायव्हर आणि नरसाळं साबणानं धुऊन पाटावर. नरसाळ्यावर सासूबाईंनी हळदीकुंकू वाहिलं आणि एक झेंडू आत टाकला. तो तळापर्यंत गेला नाही, मध्येच अडकला. ‘बघ,’ त्या म्हणाल्या, ‘याच्यातून काही सांडत नाही.’

आता उरले जुन्या कूलंटचे तीन डबे. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी काउंटीचा घातक कचरा जमा करण्याचा दिवस होता. गाड्यांची लांब रांग, प्रत्येकाच्या डिकीत रंगाचे डबे, जुन्या बॅटऱ्या. माझी पाळी आली. केशरी जाकिटातल्या माणसानं डबा उचलला, चिठ्ठी बघितली, उलटी धरून बघितली.

‘हा कुठला ब्रँड?’

मी म्हटलं, ब्रँड नाही, मराठी आहे. ‘जुनं. विष.’ असं लिहिलंय, माझ्या सासूनं.

त्यानं तिन्ही डबे ट्रॉलीत ठेवले. म्हणाला, त्यांना सांगा, इथं सकाळपासून चिठ्ठी लावलेले हे पहिलेच.